सुजातापुढची वाटी

माझा नवरा भीमराज एका भिंतीपुढे दीड महिना पेन्सिल घासत बसला होता आणि मी पार वैतागले होते. हा मूळचा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फ्लेक्स आले आणि धंद्याची वाट लागली. आता मढला शूटिंगच्या खोट्या भिंतींना जुनाट रंग फासतो. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र या शहरात उरलेलं नाही. म्हणून गोवंडीच्या आमच्या विहाराने भिंत दिली तेव्हा तो हरखून गेला. सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता काढायची होती, बुद्धपौर्णिमेच्या आत.

विहाराचे सेक्रेटरी धम्मपालभाऊ येता-जाता विचारायचे, रंग कधी लावणार? हा खोडरबर उचलायचा. आधी सुजाता उभी होती, वाटी कपाळाला लावून. मग वाकली. मग वाटी खाली आली, मान वर गेली. जुन्या रेघा पुरत्या पुसल्या जात नव्हत्या, त्यामुळे एकाच बाईला ढीगभर हात दिसायचे. मी म्हटलं, अरे, देवी करून ठेवलीस की तिची. तो हसलासुद्धा नाही.

एका संध्याकाळी डबा घेऊन गेले, तर त्याने भलतंच विचारलं.

"जया, पौर्णिमेला सगळ्यांना खीर वाढून झाली की तू काय करतेस?"

"बसते. दुसरं काय करणार? पायाचे तुकडे पडलेले असतात. उरली तर खाते."

दुसऱ्या दिवशी पाहते तर सुजाता सिद्धार्थासमोर मांडी घालून बसलेली, पदराने मान पुसत. आणि तिच्यापुढेही एक वाटी. इतकी वर्षं मी विहारात खीर ढवळतेय, माझ्यापुढे वाटी कुणी ठेवली नव्हती. मी भिंतीजवळ गेले. मग मागच्या पुसट रेघा नीट पाहिल्या. मला वाटत होतं हा टाइमपास करतोय. हा तर एकेक बाई टाकून देत या बाईपर्यंत आला होता.

रंगाला मात्र दिवस उरले नाहीत. धम्मपालभाऊंचाही इलाज नव्हता. पाहुणे येणार, अर्धवट भिंत कशी दाखवायची? त्यांनी नेटवरचं चित्र छापून भिंत झाकायला फ्लेक्स आणला. मी भांडायला पदर खोचून तयार होते, पण भीमराज नको म्हणाला. थकला होता तो. मीही थकले होते.

फ्लेक्स भीमराजच्या चित्रापेक्षा लहान निघाला. त्याचा कोपरा नेमका सुजाताच्या तोंडावर येत होता. शिडी भीमराजनेच धरली होती. वर चढलेल्या माणसाला तो हळूच म्हणाला, "दादा, खिळा तिथे नको मारू. जरा बाजूला घे. बाई जेवतेय."