कपाळाच्या मापाचं कपाट

चांगुणाबाईला अर्धवट राहिलेलं काम बघवत नसे. शेजारणीच्या अंगणात अर्धी सारवलेली जमीन दिसली की तिचे हात शिवशिवत. दुष्काळात जिंतूरच्या रस्त्यावर खडी फोडायला होती, तेव्हासुद्धा शिट्टी वाजल्यावर बाकीच्या बाया पाट्या टाकून उठायच्या आणि ही मात्र हातातला दगड फोडूनच उठायची. मुकादम म्हणायचा, या बाईला दगडाशी वैर आहे. वैर नव्हतं. अर्धा दगड मागे टाकून जाणं तिला जमत नव्हतं, एवढंच.

आता दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मुलगा दत्तराव परभणीला एसटीच्या डेपोत लागला होता, पंधरा-पंधरा दिवस तिकडेच असायचा. सून सत्यशीला गावातल्याच शाळेवर मास्तरीण. घरात सासू-सून दोघीच. सांज झाली, भाकरी झाल्या की सत्यशीला कंदील जवळ ओढून पुस्तक काढायची आणि मोठ्यानं वाचायची. चांगुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण कान तिखट होते. कालच्या वाचनात कोण कुठं निघालं होतं हे सुनेला आठवत नसे, सासूला आठवे.

पुस्तकं आढ्याला टांगलेल्या पोत्यात असायची. त्या पोत्याला उंदरांनी वाट पाडली. एका सांजेला गोष्ट अगदी रंगात आलेली, पान उलटलं तर पुढं पानंच नाहीत. नुसता कुरतडलेला कपटा. सत्यशीला डोक्याला हात लावून बसली. चांगुणाबाईनं विचारलं, “मंग? पुढं काय झालं त्या बाईचं?”

“उंदरानं खाल्लं, आत्याबाई.”

चांगुणाबाईला त्या रात्री झोप लागली नाही. सत्यशीलानं चार दिवसांनी दुसऱ्या शाळेवरच्या मैत्रिणीकडून तेच पुस्तक आणून शेवट वाचून दाखवला, पण तो सासूला मुळीच पटला नाही. यापेक्षा उंदीर बरा होता, असं ती म्हणाली. तरी तिनं मनाशी ठरवलं ते ठरवलंच. पुस्तकांना दाराचं कपाट पाहिजे.

लाकूड घरचंच होतं. धम्म घेतला त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, अंगणात कडुलिंबाचं रोप लावलं होतं. सटवाजी गेला, झाड वाढत राहिलं. मागल्या उन्हाळ्यात वावटळीनं ते मुळासकट आडवं केलं. फांद्या जळणाला गेल्या. खोड मात्र चांगुणाबाईनं कोणाला हात लावू दिलं नाही. बैलगाडीत घालून जिंतूरला मस्तानभाईच्या वखारीत नेऊन टाकलं आणि सांगून आली, वाळू द्या, लागंल तवा येईन. आता लागलं होतं.

जागाही ठरली. मधल्या भिंतीत जमिनीपासून वर गेलेला एक खोल खण होता. पूर्वी तिथं देव असायचे. धम्म घेतल्यावर देव गेले आणि त्या जागी लोणच्याची बरणी, दिवा, असलं काहीबाही येऊन बसलं. कपाट बरोबर त्या खणात बसवायचं. गावातला सुतार सूर्यभान जोडणी करायला तयार झाला, पण फळ्या मापानं कापून आणा म्हणाला. माप घ्यायला टेप लागणार, आणि त्याचा टेप मेव्हण्यानं नेलेला. सत्यशीला म्हणाली, शाळेतून मोजपट्टी आणते, मापं कागदावर लिहून देते. चांगुणाबाईला ते नको होतं. कागद दुसऱ्याला वाचायला द्यावा लागतो. तिनं तुरीच्या काड्यांच्या भाऱ्यातून तीन सरळ तुराट्या निवडल्या. एक उंचीची, एक रुंदीची, एक खोलीची. खणात लावून बघितल्या, जास्तीची टोकं मोडली, तिन्ही लाल चिंधीनं बांधल्या.

“हे बघ, माझा टेप,” ती सुनेला म्हणाली.

बाजारचा दिवस होता. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. चांगुणाबाईनं तुराट्या उराशी उभ्या धरल्या होत्या, पण कंडक्टरनं सरका सरका केलं तेव्हा त्या घडीभर बाकावर ठेवाव्या लागल्या. तेवढ्यात वांग्यांची पाटी घेऊन केशरबाई नावाची एक भारदस्त बाई चढली आणि मोकळी जागा बघून बसली. काटकन आवाज झाला. दोन लहान तुराट्या बचावल्या. उंचीच्या तुराटीचे तुकडे झाले, आणि त्यातला एक पायांच्या गर्दीत कुठं गेला तो सापडलाच नाही.

चांगुणाबाईनं तोंड सोडलं. केशरबाईनंही पदर खोचला. काडीचा एवढा कालवा कशापायी, असं तिचं म्हणणं. मग चांगुणाबाईला ती काडी म्हणजे काय ते सांगावं लागलं. झाड, पुस्तक, उंदीर, सगळंच. सांगता सांगता केशरबाईला त्या गोष्टीतल्या बाईचं पुढं काय झालं याची उत्सुकता लागली. जिंतूरचा स्टँड आला तेव्हा दोघींचं त्या शेवटाबद्दल एकमत झालं होतं, की तो चुकीचा आहे. उतरताना केशरबाईनं चांगुणाबाईच्या पदरात चार वांगी घातली.

वखारीत आऱ्याचा आवाज कान फाडत होता. सगळीकडे भुसा, मस्तानभाईच्या भुवयांवरसुद्धा. त्यानं खोड ओळखलं, बाईला ओळखलं, आणि मापाच्या दोनच काड्या बघून हसला.

“माय, उद्या आन की तिसरी. लाकूड काय पळून जायलंय?”

रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे काम अर्धवट टाकायचं. चांगुणाबाई तिथंच एका ओंडक्यावर बसली आणि डोळे मिटून घरातला तो खण आठवू लागली. आठवण्याआधी तिचा हात कपाळावर गेला. इतकी वर्षं त्या खणातला दिवा काढायला वाकायचं विसरलं की वरची कड तिला नेमकी एकाच ठिकाणी लागायची, केसांच्या खाली, कुंकवाच्या जागेच्या जरा वर. सटवाजी हसायचा. त्या जागी आता कातडी थोडी जाड झाली होती.

ती उठली आणि उभ्या केलेल्या एका फळीला पाठ लावून ताठ उभी राहिली. “माझं कपाळ धरा,” ती मस्तानभाईला म्हणाली. “हितं. ह्या जागंवर. ह्याच्यात फरक पडायचा न्हाई.”

मस्तानभाईनं आरा बंद करायला सांगितला. कामावरची माणसं हातातलं टाकून बघायला आली. त्यानं खडूचा तुकडा घेतला, तिनं बोट ठेवलेल्या जागेशी फळीवर रेघ मारली, आणि एवढ्या वर्षांत वखारीत बाईमाणसाच्या कपाळावरून कधी लाकूड कापलं नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं.

मग खोड आऱ्यावर चढलं. पहिली फळी सुटली तेव्हा कडसर वास सुटला आणि आतला लालसर रंग उघडा पडला. चांगुणाबाईनं त्या ताज्या कापावरून तळहात फिरवला. झाडाला पाणी घालायला सटवाजी कावडीनं विहिरीवरून खेपा करायचा, ते तिला आठवलं. मस्तानभाईनं घाई केली नाही. पुढच्या फळ्या त्यानं स्वतः उभं राहून कापून घेतल्या.

एसटीच्या टपावरून फळ्या गावात आल्या. सूर्यभाननं रंधा मारला, सांधे केले, दारं बसवली. कपाट उभं राहिलं तेव्हा गल्ली बघायला लोटली. दत्तराव त्याच दिवशी रजेवर आला होता. त्यानं आणि सूर्यभाननं कपाट उचललं, खणाशी नेलं, ढकललं.

ते आत जाईना. वरची कड दोन बोटं अडत होती.

सूर्यभान म्हणाला, माप चुकलं. चांगुणाबाई म्हणाली, कपाळ चुकत नाही. ती खणाच्या कडेशी जाऊन उभी राहिली. कड बरोबर त्याच जागी लागली. सगळेच बुचकळ्यात पडले. सत्यशीला मात्र सासूच्या अनवाणी पायांकडे बघत होती. दाराशी टायरच्या जाड तळाच्या वहाणा काढून ठेवलेल्या होत्या.

“आत्याबाई, वखारीत वहाणा काढल्या होत्या का?”

भुशात खिळे असतात, कोण काढतंय. चांगुणाबाईनं एकदा वहाणांकडे बघितलं, एकदा कपाटाकडे, आणि मग तिला असं हसू फुटलं की भिंतीला टेकावं लागलं. दत्तराव हसला, सूर्यभान हसला, दारातल्या बायाही हसल्या.

सूर्यभान करवत घेऊन पुढं आला. खालून दोन बोटं कापून टाकतो म्हणाला. चांगुणाबाईचं हसू थांबलं. तिनं त्याचा हात धरला.

“लाकडाला हात लावू नको. कापलेलं लाकूड वाढत न्हाई. जमीन आपलीच हाय.”

ती खुरपं घेऊन आली, खणाशी मांडी घालून बसली आणि खणातली नि समोरची हातभर मातीची जमीन उकरायला लागली. टणक, वर्षानुवर्षं सारवलेली जमीन. दत्तराव खुरपं मागत होता, तिनं दिलं नाही. दोन बोटं खोल उकरून, तळ चोपून, तिनं वरून शेणाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ते वाळल्यावर कपाट सरकवलं तर घासत घासत आत गेलं आणि असं घट्ट बसलं की उंदरालाच काय, मुंगीलाही बाजूनं वाट राहिली नाही.

सत्यशीलानं पोतं उतरवलं, एकेक पुस्तक पुसून वरच्या कप्प्यांत लावलं. घरभर कडुलिंबाचा वास पसरला होता. खालचा कप्पा तिनं रिकामा ठेवला आणि सासूला म्हणाली, हा तुमचा.

चांगुणाबाईला आयुष्यात स्वतःचा असा कप्पा कधी नव्हता. आत काय ठेवावं हे तिला दोन दिवस सुचेना. अखेर तिनं पानाची चंची ठेवली, दत्तरावाच्या लग्नातलं लुगडं घडी करून ठेवलं, आणि उरलेल्या जागेत काहीच ठेवलं नाही. दिवसातून दोनदा ती दार उघडायची, बघायची, परत लावायची.

पुस्तकं सत्यशीलाची होती, तरी गावात त्याला चांगुणाबाईचं कपाट हेच नाव पडलं. वर्षभरात वरचे कप्पे भरले. पुस्तकं एकमेकांवर आडवी पडायला लागली आणि सत्यशीलाची नजर खालच्या कप्प्यातल्या मोकळ्या जागेकडे वळायला लागली. एकदा तिनं हळूच विचारलंही. चांगुणाबाईनं सुपारी कातरता कातरता मान हलवली आणि त्यापेक्षा दुसऱ्या कपाटाचं लाकूड बघ म्हणून सांगितलं.