उजळलेल्या खिडक्यांचं चित्र

आईवडील साताऱ्याचे, मी मात्र जर्मनीतच वाढलो आणि ड्युसेलडॉर्फच्या पोलीसखात्यात हयात घालवली. चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, पुष्कळशा विसरलोही. एका आजींच्या घरातून गेलेलं चित्र मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आजी मूळच्या पुण्याच्या, जर्मन यथातथाच. म्हणून ती तक्रार ठाण्यातल्या एकुलत्या एका मराठी अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आली. घरी जाऊन पाहणी केली. कुलूप शाबूत, भिंतीवर नुसता फिकट चौकोन.

"चित्र कसलं होतं?" मी विचारलं.

"हॉलंडमधलं गाव हो, कालव्याकाठची संध्याकाळ. आभाळ विझत आलेलं, पण घराघरांत दिवे लागलेत आणि खिडक्यांतला पिवळा उजेड ओल्या फरशीवर सांडलाय. ह्यांनी हौसेनं घेतलं होतं. बरे होऊन आले की आधी तेच शोधतील!"

आजोबांना विस्मरणाचा आजार होता. ते फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे शुश्रूषागृहात होते. आजी तिथे जायचं टाळत, आणि आजोबांची कुठलीही वस्तू त्यांनी घरातून हलू दिली नव्हती.

खबर शेजाऱ्याने दिली. आजींच्या जर्मन सुनेने चादरीत गुंडाळून काहीतरी मोटारीत ठेवलेलं त्याने पाहिलं होतं. घरचा भेदी सापडला म्हणत मी तिला ठाण्यात बोलावलं.

खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. ही थोडक्यात म्हणाली, "गेनाऊ, बरोबर, मीच नेलं. पण आईंना सांगू नका."

"त्या तुम्हाला चोर समजतील."

"समजू देत. चित्र बाबांच्या खोलीत गेलंय म्हटलं, की त्यांना कळेल. बाबा आता घरी यायचे नाहीत."

खरंखोटं पाहायला मी तिच्याबरोबर शुश्रूषागृहात गेलो. तिन्हीसांजा झाल्या की आजोबा कासावीस होत, 'दिवा लावा' म्हणून हट्ट धरत. तिथे वात पेटवायला सक्त मनाई, आणि विजेचा दिवा त्यांना पटेना. म्हणून सुनेनं ते चित्र त्यांच्या पलंगासमोर टांगलं होतं. मी बसलो होतो तेव्हाच अंधारून आलं, तशी भिंत, आभाळ, कालवा सगळं मावळलं आणि चित्रातल्या खिडक्या तेवढ्या राहिल्या. आजोबांनी हात जोडले. अडखळत का होईना, पण शुभंकरोती पुरती म्हटली.

फाइल बंद करायला आजींचा जबाब हवाच होता. सुनेनं डोळे पुसले.

"मग तुम्हीच सांगा. मराठीतून सांगा. माझ्या मोडक्या मराठीत ते फार कठोर वाटेल."

दुसऱ्या दिवशी आजींना घेऊन निघालो. वाटेत सगळं सांगितलं. खोलीत आजींनी आधी चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग पलंगाशी बसून म्हणाल्या, "अहो, दिवे लागले हं."

आजोबांनी त्यांना ओळखलं नाही, पण हात जोडले. आजींनीही जोडले.

बाहेर आल्यावर त्यांनी तक्रार मागे घेतली. सून आधीच येऊन दाराशी खाली मान घालून उभी होती. तिला जवळ ओढून म्हणाल्या, "चोरटी कुठली! चित्र आणलंस, मग ह्यांची शाल नाही का आणायचीस? गारठा किती आहे इथे."

त्यानंतरच्या नोकरीत समोरचा माणूस गप्प बसला, की त्याला आरोपी ठरवण्याआधी मी विचार करत आलो, हा कुणाला जपतोय?