नानांचा हात

खोतांच्या पडवीत चार माणसांसमोर नानांनी माझ्या छातीवर ओली माती थापली.

"बघा रे, गौर अशी भरायला हवी," म्हणाले. माणसं हसली. अंगावर पिणारं पोर घरी, पान्हा फुटून माझी चोळी भिजलेली, ती बघून केलं.

नाना म्हणजे खोतांचे धाकटे भाऊ. गावाचे गणपती तेच करतात. माती मळायला आम्ही कुळांच्या बायका, वेठीला. नवरा माझा मुंबईत गिरणीत. हात मातीत तसेच, मळत राहिल्ये.

घरी सासूला सांगितलं. तिनं आधी दार लोटलंन. "गप ऱ्हा गो. त्या हातातून देव येतो. माणसाकडं कशाला बघत्येस, मूर्तीकडं बघ."

सगळा गाव हेच म्हणतो. आणि खोटं कशाला बोलू, मूर्ती तशीच असते. गेल्या साली नाना मूर्तीचे डोळे आखत होते, मी घमेलं घेऊन उभी, मला रडूच आलं. आता तेच डोळे आठवायला जात्ये तर हात दिसतो. त्या हातानं सोंड वळवायची, आणि मी माजघरात तिच्या पाया पडायचं?

आमच्याकडं घराघरातून आपापला पाट नेऊन देतात, गणपती त्या पाटावरच घडवतात. आमचा आषाढात दिलेला, वर सुपारी ठेवून. दुसऱ्या दिवशी पोर काखेला मारलं, गेल्ये, आणि भिंतीला लावलेला आमचा पाट उचलला.

नानांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"रिकामा पाट घरी नेत्येस. पोर लहान आहे तुझं."

एवढंच. मी पळत सुटल्ये.

संध्याकाळी पोर तापलं. आज तिसरा दिवस, ताप उतरत नाही. सासू धड बोलत नाही माझ्याशी. विहिरीवर बायका कळशी उचलून बाजूला होतात. खोतांचा गडी सकाळपासून बांधावर बसलाय, आमच्या दाराकडं तोंड करून. शेत काढून घेतील, म्हणते सासू.

भ्यायल्ये मी. दोन यत्ता शिकल्ये, तेवढ्यावर हे लिहून ठेवत्ये. मूर्ती चांगली करतो तो, नाही कोण म्हणतंय. करू दे. पण तिच्याआड लपायला मी नाही देणार त्याला. उद्यापासून माझ्या जागी शेजारची नवी सून जायची आहे माती मळायला. आत्ता जात्ये तिच्याकडं. त्यानं काय केलंन ते सांगत्ये, त्याचं नाव घेऊन, तिच्या सासूसमोर.