बसत्यांचा वाटा

सगळी खोड या लिहिणाऱ्याच्या जिभेची. सन तीसच्या सुमारास थळच्या किनाऱ्यावर मासळी घेताना, अलिबागच्या शाळेत शिकल्याच्या ऐटीत, कुठेतरी अर्धवट वाचलेलं तो ठमाबाईला ऐकवून बसला. "मुंबईत नोकरदार मेला ना मावशी, की त्याचा कापलेला पगार बायकोला मिळतो!"

ठमाबाईने हातातलं पापलेट पाटीत टाकलं आणि गिऱ्हाईक तसंच सोडून ती तरातरा निघाली.

थळच्या कोळ्यांत तेव्हा बसत्यांचा वाटा निघे. मचवा किनाऱ्याला लागला की प्रत्येक गडी आपल्या वाट्यातली ओंजळभर मासळी एका पाटीत टाकी. ती पाटी दर्या सोडून किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेल्या म्हाताऱ्यांची. ठमाबाईच्या नवऱ्याने, सदाने, मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत ओंजळी टाकल्या, आणि बसायची पाळी आली तेव्हाच तो तापाने गेला. उलट भिकू दोन हंगामांत कंबर धरून बसला, तो वीस वर्षं वाटा खात होता.

"माज्या दादल्याची मासली गेली कुठं?" तिने म्हाताऱ्यांच्या म्होरक्याला, बुधाजी तांडेलाला विचारलं.

"वाटा बसत्यांचा, ठमे. मेल्याला भूक न्हाय."

"त्याला न्हाय. मला हाय."

"तशी रीत न्हाय."

"बसायची तर हाय ना?" म्हणत तिने भिकूच्या शेजारी फतकल मारली आणि जाळ्याचं टोक मांडीवर ओढलं. भिकू निमूट सरकला. तिच्यापुढे न सरकणारा गडी थळात नव्हता.

मचवा आला. पाटी वाटणारा विठोबा रोजच्यासारखा मान खाली घालून, कोण बसलंय ते न बघता, एकेका मांडीपुढे बोंबलांचा ढीग टाकत आला. टोकाला बसलेल्या बुधाजीपुढे पाटी पालथी केली, तर बोटभर दोन मांदेल्या निघाल्या.

"तांडेल," भिकू खिदळला, "आज तुमी मेल्यात जमा!"

विठोबा गडबडला. "काकी, तांडेलाचा ढीग दे बघू."

"सदाच्या ओंजली दे, मग ह्यो घे."

 बुधाजीचा म्हातारा बाप याच रांगेत, सदाच्याच ओंजळींवर जगला होता. त्याने त्या दोन मांदेल्या आपल्यापुढे ओढल्या.

"उद्यापासून एक ढीग जास्ती काढ रं, इठोबा," तो म्हणाला. "आनि ठमे, जालं धड शिव. आजचा ढीग उसना हाय, सांगून ठेवतो."

"देते की."

पुढे आवडाबाई, मनुबाई अशा आणखी विधवा त्या रांगेत येऊन बसल्या. ठमाबाई जाळं शिवायला शिकली, बुधाजीपेक्षा वाईटच. मचवा लागला की तो विचारी, "ठमे, माजा ढीग?"

"उद्या," ती म्हणे आणि आपले बोंबील पदराखाली सरकवी.