पांढऱ्या साडीतली पेशंट

नर्सबद्दल बोलताना कुणी 'सेवाभाव' असा शब्द काढला, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या डोळ्यांसमोर एक बाई याच शब्दापायी गेली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो.

नव्वदच्या दशकात शिवाजी पेठेतल्या एका खाजगी प्रसूतिगृहात मी नर्स म्हणून लागले तेव्हा आक्का तिथली मुख्य सिस्टर होती. माहेर कबनूरचं, घरात यंत्रमाग, त्यामुळं लहानपणापासून खडखडाटात वाढलेली. तिचं साधं बोलणंही रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. नवरा लवकर गेला होता. घरी एक मुलगी, शाळेत जाणारी. अडलेल्या बाईच्या उशाशी आक्का उभी राहिली की बाईचं अर्धं भ्याव तिथंच सरायचं.

आणि आमच्या त्या दवाखान्यात काय खायला मिळायचं, तर गोड. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. कुणी वाडीच्या देवाचा नवस फेडून आलं की तिथली बासुंदी. नको म्हणायची सोय नव्हती. "आमच्या बाळाचं तोंड गोड करून घेत न्हाईसा व्हय सिस्टर?" असं म्हणून पावणं हातावर ठेवूनच जायचं. डबा उघडायला सवड मिळायची नाही, तो संध्याकाळी तसाच घरी जायचा. मग दिवसभर पेढा आणि चहा, चहा आणि पेढा. आक्काची कंबर सुटली, पोट पुढं आलं, जिना चढताना धाप लागायला लागली. आम्ही काय म्हणायचो? "आक्का, अंगाला लागलं हं तुझ्या!" हसायचो मेल्या.

तिला बीपी होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिच्या नावानं कधी कुठल्या डॉक्टरनं केसपेपर काढला नाही. कंपनीचे लोक डॉक्टरांना गोळ्यांची सॅम्पलं देऊन जायचे, त्यातली बीपीची पाकिटं आक्का ड्रॉवरमध्ये टाकायची. या महिन्यात पिवळी गोळी, पुढच्या महिन्यात गुलाबी. कंपनीचा माणूस आला नाही, तर गोळी नाही. पेशंटच्या नातेवाइकानं एक गोळी चुकवली तर त्याचा उद्धार करणारी ही बाई! मी म्हटलं, "आक्का, बाहेरच्या बाईनं असं केलं असतं तर तू तिला जित्ती सोडली असतीस का?" तर म्हणाली, "गप गं. मला काय हुतंय? धडधाकट हाय की मी."

एकदा आमच्याच डॉक्टरांनी पेठेतल्या लोकांसाठी मोफत हृदयतपासणीचं शिबिर घेतलं. मांडव, खुर्च्या, हारतुरे. आक्का दिवसभर उभी राहून लोकांची बीपी घेत होती. शिबिर संपल्यावर मी तिचा दंड धरला आणि पट्टा बांधला. आकडा फार वर गेलेला, म्हणून परत एकदा बघितला, तर तेवढाच. साखर तपासली, तीही चढलेली. तशीच तिला डॉक्टरांपुढं उभी केली. डॉक्टर हार काढत होते. "आक्का, पेढे कमी करा आता," असं हसत म्हणाले आणि फोटो काढायला गेले. झाली तपासणी! ज्या लोकांना कधी बघितलंही नव्हतं त्यांच्या छातीला नळी लावली, आणि जी रोज यांच्या शेजारी उभी राहते तिला उभ्याउभ्या एक विनोद सांगितला. मी तिथंच तोंड उघडणार होते, तर आक्कानंच मला चिमटा काढला.

पुढं काही वर्षं तशीच गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका सकाळी आक्का जबडा धरून बसलेली दिसली. दाढ दुखतीय म्हणाली. पण ब्लाउज घामानं भिजलेला, चेहरा राखेगत. मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी लांबूनच बघितलं. "ॲसिडिटी असणार. पातळ औषध घ्या, आक्का. एवढं सिझर उरकू, मग बघू निवांत."

आणि ही बया उठून सिझरला गेली! "बाई टेबलावर हाय, मी कशी बसू?" मला आजही कळत नाही, त्या क्षणी मला जास्त राग कुणाचा आला, डॉक्टरांचा की तिचा.

ती बाहेर आली ती भिंतीला धरून. मी कुणाला विचारलं नाही. तिला रिक्षात घातलं आणि थेट हृदयाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दोघी पांढऱ्या साडीत, छातीवर बिल्ला. दारातला माणूस म्हणाला, "या सिस्टर. पेशंट कुठाय?"

"हीच पेशंट," मी म्हटलं.

"बरं बरं, बसा बाकावर. डॉक्टर राउंडला गेल्यात."

तेवढ्यात एका म्हाताऱ्याला स्ट्रेचरवरून आणलं. त्याच्यामागं सगळे धावले. आत जाताना त्याच्या सलाईनची बाटली कलंडली, तर आक्का बाकावरून उठून ती धरायला गेली. मी ओरडले, "बस की गं खाली! मरायचंय का तुला?" आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. म्हणाला, "सिस्टर, निदान तुम्ही तरी दंगा करू नका. दवाखान्यात कसं वागायचं तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

मी म्हटलं, "हिचा ईसीजी काढा."

"काढू की. आधी पेशंट बघू द्या."

आक्का माझ्या खांद्यावर कलली ती तेव्हाच. मग मात्र सगळे धावले. छाती दाबली, शॉक दिले, सगळं केलं. इतक्या लोकांना मी तिच्याभोवती पहिल्यांदाच बघितलं. काही उपयोग झाला नाही.

तेराव्यानंतर आमच्या दवाखान्यात शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती. डॉक्टर गहिवरून म्हणाले, "आक्कानं शेवटच्या श्वासापर्यंत सेवा केली." बायका डोळे पुसायला लागल्या. मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

"सेवा करून न्हाई मेली ती, साहेब. तुमच्या पुढ्यात घामानं निथळत हुती. तुम्ही तिला हात सुदिक लावला न्हाईसा."

कुणीतरी माझा पदर ओढला. डॉक्टर म्हणाले, "दुःखात माणूस बोलतो. बसा."

मी बसले नाही. तेव्हा पुढच्या खुर्चीतून आक्काची मुलगी उठली. कॉलेजात जात होती तेव्हा. वाटलं, आईच्या सभेत तमाशा केला म्हणून मलाच बोलणार. ती रडत नव्हती. माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं बघितलं.

"माझी आई एवढी वर्षं दवाखान्यात हुती की," ती म्हणाली. "मग तिला तपासलं कसं न्हाई कुणी?"

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. पुसतच राहिले.