दिव्यावरचं कुंकू

ती सकाळ अजून मनातून जात नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण थंडीचं पहिलं धुकं पडलं की आठवतो तो एक साधा मोटार अपघात. त्यात मी ज्याला आरोपी म्हणून पकडलं त्याच्यासमोर शेवटी मलाच मान खाली घालावी लागली.

साल साठ-एकसष्टचं असेल. मी मोर्शी भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. नदीकाठच्या संत्र्याच्या बागांतून पहाटे असं धुकं चढायचं की रस्त्याकडेची झाडंसुद्धा दिसायची नाहीत. सकाळी सहाच्या सुमारास वर्दी आली की पुलाजवळ सायकलवरून दूध नेणाऱ्या गवळ्याला मोटारीने उडवलं. आम्ही जीप काढली. थंडीत ती हँडल मारल्याशिवाय कधी सुरू व्हायची नाही. वाटेत समोरचं काही दिसेना, म्हणून मी चालवणाऱ्या शिपायावर खेकसलो, "बॅटरी उतरली का रे तुझी? दिवे आहेत की पणत्या?" तो बिचारा काचेला नाक लावून चालवत राहिला.

जागेवर वाकडी झालेली सायकल, सांडलेलं दूध आणि मोटारीच्या दिव्याच्या काचा होत्या. गवळी नव्हता. ज्याने उडवलं त्यानेच त्याला मोटारीत घालून मोर्शीच्या दवाखान्याच्या ओट्यावर ठेवलं होतं आणि नाव न सांगता निघून गेला होता. गवळ्याचा पाय मांडीत मोडला होता. "खाकी कोट होता," एवढंच तो सांगू शकला.

पंचनामा करताना जमादाराने काचेचा एक तुकडा पुढे केला. त्यावर लाल डाग होता. "साहेब, रक्त," तो म्हणाला. मी बोटाने चोळून पाहिलं. बोट तेलकट झालं, आणि रंग कुंकवाचा. दसऱ्याला मोटारीची पूजा करताना दिव्यावर तेल-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, त्यातलं ते होतं. मला वाटलं, चला, धागा मिळाला. जमादार हसला. आपल्या मुलखात कुंकू नसलेली मोटार दाखवा, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि ते खरंच होतं.

दोन दिवसांनी खबर आली. अमरावतीच्या एका मिस्त्रीने ओळखीच्या हवालदाराच्या कानावर घातलं की एका वकिलांच्या मोटारीला अपघाताच्याच दुपारी घाईघाईने डाव्या दिव्याची काच बसवून नेली. वकिलांची वरूडकडे बाग होती. त्या दिवशी ते बागेवरच मुक्कामाला होते आणि ड्रायव्हर त्यांना आणायला एकटाच निघाला होता. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वकीलसाहेबांनी काही लपवलं नाही. उलट चहा पाजला आणि म्हणाले, माणूस पिऊन असणार, घेऊन जा त्याला. माझा अनुभव असा की ज्याला फार लवकर दोष दाखवता येतो, त्याच्याकडे जरा दोनदा पाहावं. पण त्या दिवशी माझ्याही डोक्यात तेच बसलं. धुक्यात माणूस उडवतो म्हणजे प्यालेलाच असणार.

ड्रायव्हर चाळिशीचा, शांत माणूस होता. छप्पन साली कुटुंबासह बौद्ध झालेला. आपल्या हातून गवळी उडाला, हे त्याने पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं. दारूचं नाव काढताच मात्र ताठ झाला. दीक्षा घेतली त्या दिवसापासून थेंब घेतला नाही, म्हणाला. मग दिसलं कसं नाही? यावर तोंडाला कुलूप. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो एवढंच म्हणाला, "चूक माही हाये साहेब. लिहून घ्या."

गुन्हा जामिनाचा होता, पण मालक जामीन राहायला तयार नव्हता. दारूचा ठपका बसला असता तर लायसन गेलं असतं, आणि मोटारीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. घरी बायको आणि शाळेतल्या दोन मुली होत्या. रात्री मला त्याच्या गप्प बसण्याचा राग येत होता, आणि खरं सांगतो, त्या रागाखाली शंकाही होती.

दुसऱ्या पहाटे मी वकिलांची जप्त केलेली मोटार त्याच पुलावर नेली. आरोपी आणि पंच मागून जीपमधून आले. धुकं होतंच. दिवे लावायला सांगितलं आणि आम्ही सगळे पुढे जाऊन उभे राहिलो. डाव्या नव्या काचेतून उजेड पुलाच्या कठड्यापर्यंत पोचला. उजव्या काचेवर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. वर तीन आठवड्यांची धूळ तेलात बसून त्याची पुटं चढलेली. त्या बाजूचा उजेड चाकापुढेच मेला. गवळी पडला त्या दिवशी दोन्ही दिवे तसेच होते. मी ड्रायव्हरला जवळ बोलावलं.

"हे पुसलं काहून नाही?"

त्याने काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पुसाले गेलो होतो साहेब, थंडी पडली तवाच. वकीलसाहेबाच्या आईसाहेब म्हने, तू बौद्ध झाला म्हणून आमचं कुंकू पुसून राहिला का? मंग मी फडकं खाली ठेवलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं सारे म्हनले असते, आपली चूक देवावर ढकलून राहिला."

मी पंचांना ती उजवी काच दाखवून नोंद करून घेतली.

त्याच दिवशी वकिलांच्या आईला भेटलो. वकीलसाहेब मध्ये पडले, आईला आत जायला सांगू लागले. म्हातारी हलली नाही. "मीच बोलले त्याला," ती म्हणाली. "लिहा. आणि माझी सही घ्या." इतक्या वर्षांत इतका सरळ जबाब मी फार थोड्यांचा घेतला. दारूचा ठपका कागदावर आलाच नाही. ड्रायव्हरने जखमीला स्वतः दवाखान्यात पोचवलं हेही मॅजिस्ट्रेटांनी विचारात घेतलं आणि समज देऊन सोडलं. गवळी वाचला, पण पुढे जन्मभर लंगडत चालला. त्याची भरपाई कुठल्याच निकालाने झाली नाही.

सुटल्यावर ड्रायव्हर आपलं लायसन न्यायला ठाण्यावर आला. कागदावर सही केली आणि लायसन खिशात घातलं, पण जाईना. मी विचारलं, आणखी काय? अंगणातल्या जीपकडे पाहत तो हळूच म्हणाला, "साहेब, रागावू नका. तुमच्या जीपच्या दिव्यालेही कुंकू हाये. त्या दिवशी पुलावर जीपमधून उतरतानाच पाह्यलं होतं. पुसू का?"

मी बाहेर आलो. दसऱ्याला आमच्या घरच्या मंडळींनी ओवाळून काढलेली दोन मोठी स्वस्तिकं, धुळीने काळी पडलेली. त्या दिव्यांनी मी दसऱ्यापासून हिंडत होतो, शिपायाला बॅटरीवरून झापत होतो, आणि याच माणसापुढे टेबल आपटत होतो. जीप चालवणारा तो शिपाई जवळच उभा होता. त्यालाही पुसायचा धीर झाला नसणार. साहेबांच्या घरचं कुंकू ना.

ड्रायव्हरने खांद्यावरचं फडकं काढलं. मी म्हटलं, "तू थांब." माझा रुमाल ओला केला आणि दोन्ही दिवे मीच पुसले.