मशीनसमोर शहाणी

माझी धडधड भित्री आहे. दिवसभर गेटवर पत्रकं वाटा, सुपरवायझरशी भांडा, ती समोर येत नाही. पाठ गादीला टेकली की मग तिला हिंमत येते. आधी घशात काहीतरी उडी मारल्यासारखं होतं आणि मग छाती अशी धावत सुटते की उशीत ऐकू यावं. कधी लगेच थांबते, कधी आईनं आणून ठेवलेला चहा गार होईपर्यंत चालते.

मी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत टेस्टिंगला आहे, कंत्राटी. नाइट शिफ्टच्या आठवड्यात सकाळी पिंपरीला घरी येऊन झोपायचं, तर दुपार होईपर्यंत ही बया दोन-तीनदा उठवून बसवायची. मग संध्याकाळी डोळ्यांत वाळू घेऊन पुन्हा बस गाठायची.

कंपनीच्या दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. तेव्हा मी दोन मिनिटं आडवी होते, तीही टक्क जागी, रागावलेली, धडधड येईल कशाला?

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेता तुम्ही. ती गेटवरची भाषणं बंद करा. लग्न झालं की बघा, सगळं जागेवर येईल."

"सर, लग्न कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं तेवढं लिहून द्या."

ते हसले. मी विनोद करत नव्हते. त्याच आठवड्यात लाइनवरच्या एका भाऊंनी छातीवर नुसता हात ठेवला तर अँब्युलन्स निघाली. निघालीच पाहिजे, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. पण बाईनं छाती धडधडते म्हटलं की हिचं लग्न झालंय का, हा प्रश्न कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात?

आणि गोष्ट दवाखान्यात राहिली नाही. रात्रपाळीच्या बायकांना टेकायला एक खोली द्या, अशी आमची मागणी चालली होती. सुपरवायझर मुलींना सांगायला लागला, "तिला टेन्शनचा आजार आहे, तिच्या नादी लागू नका." म्हणजे माझ्या छातीत काय चाललंय ते कागदावर येईना तोवर मीही खोटी आणि मागणीही खोटी.

शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या. त्यांनी छातीला वायरी चिकटवून कमरेला एक छोटं मशीन बांधून दिलं. एक दिवस, एक रात्र ते ठोके टिपत राहणार, आणि धडधड झाली की बटण दाबायचं.

इथं आम्ही घरच्यांनी माती खाल्ली. मशीन म्हणजे परीक्षा, असं सगळ्यांनी धरून घेतलं. मी सुट्टी टाकली. आईनं चहा बंद केला, जिना बंद केला, फोन काढून घेतला. शेजारच्या मावशी मऊ मुगाची खिचडी घेऊन आल्या आणि मशीनकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, आजच्या दिवस शहाण्यासारखी वाग." पप्पांनी टीव्हीचा आवाज घालवून बातम्या बघितल्या. मी रात्री सगळ्यांसारखी वेळेवर झोपले आणि कित्येक महिन्यांत झोपले नव्हते अशी झोपले.

रिपोर्ट स्वच्छ. आईनं पेढे आणायचं काढलं. मला रडू येत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "सुट्टी कशाला घेतलीत? मला तुमचा रोजचा दिवस हवा होता."

मी कपाळावर हात मारला. अहो, माझं काम काय? वायरिंग बोर्डवर नुसतं लावलं की दिवा लागतोच. हलवून बघितलं, ओढून बघितलं, तरच लूज काँटॅक्ट सापडतो. आणि स्वतःला मी गादीवर अलगद ठेवून टेस्ट केलं होतं.

दुसऱ्यांदा मशीन बांधलं ते नाइट शिफ्टच्या आठवड्यात. गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. सुपरवायझर धावत आला.

"हे काय आणलंयस? आमचं बोलणं रेकॉर्ड करतेस?"

"तुम्ही एवढं घाबरण्यासारखं काय बोलता ते सांगा, म्हणजे तेही करू."

दवाखान्याची चिठ्ठी दाखवल्यावर सोडलं. त्या पाळीत तो माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा "प्लीज" लावून बोलला. सकाळी सुटताना गेटबाहेर मी मुद्दाम बोलायला उभी राहिले, त्या खोलीबद्दलच, आणि जोरात. मैत्रीण कानात म्हणाली, "बाई गं, मशीन फुटेल." घरी आले, पडदे ओढले, आडवी झाले. आली. बटण दाबलं. थांबली, पुन्हा आली, पुन्हा दाबलं. धडधडीचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

रिपोर्टमध्ये भाषणाची वेळ होती. ठोके जलद, पण शिस्तीत, मोर्चासारखे. बेशिस्त सगळी आडवी झाल्यावरची. डॉक्टरांनी समजावलं, हृदय मजबूत आहे, त्यातल्या विजेला एक आडवाट सापडली आहे, झोपमोडीनं ती जास्त उघडते. गोळी दिली. धडधड आली तर श्वास कोंडून पोटाला जोर कसा द्यायचा ते करून दाखवलं. आणि झोपेची वेळ दर आठवड्याला बदलू नये, हे लिहून दिलं.

ती अजून येते. कमी येते, पण येते. मी उठून बसते, जोर देते. थांबली तर झोपते, नाही थांबली तर पुढच्या पत्रकाची वाक्यं जुळवत बसते. तिला मी आता घाबरत नाही आणि तिच्यामुळे बोलणंही थांबवणार नाही.

रिपोर्ट घेऊन कंपनीच्या दवाखान्यात गेले. टेबलावर ठेवला.

"सर, आता सांगा. लग्न सकाळी घ्यायचं की संध्याकाळी? जेवणाआधी की नंतर?"

त्यांनी कागद वाचला. परत वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?"

"हे पहिल्या दिवशी विचारायचं होतं, सर," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. "आता त्या खोलीबद्दल बोलू."